फावल्या वेळाची शाल

दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली आणि संध्याकाळच्या धारांना अजून वेळ आहे. या वेळेला आपल्यातल्या कितीतरी जणींच्या हातात सुई असते. कोणी क्रोशाने दाराचं तोरण विणतंय, कोणी लेकीच्या बाळासाठी दोन सुयांवर टोपडं घातलंय. हातातलं काम खाली ठेवू नका. ते चालू ठेवूनच ऐका, कारण आजची गोष्ट अशाच बायकांची आहे, ज्यांचे हात कधी रिकामे नसायचे.

आमच्या गटाने मागच्या वर्षी जाळीच्या शाली विणल्या. त्या शालींपायी आमच्यात भांडण झालं. ते भांडण शेवटी सांगू. पण त्या भांडणात एक शब्द सारखा येत होता, ‘फावल्या वेळचं काम’. फावल्या वेळचंच तर काम आहे, त्याचा काय एवढा हिशोब करायचा, असं एकीचं म्हणणं. तेव्हा आम्ही ठरवलं की आपल्या आधी हे काम कोणी केलं, कसं केलं आणि त्यांना काय मिळालं, हे जरा शोधून बघू. शोधता शोधता आम्ही पार शेटलंडला जाऊन पोचलो.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला, नॉर्वेच्या वाटेवर समुद्रात विखुरलेली शंभरेक बेटं. माणसं राहतात ती त्यातल्या पंधरा-सोळांवर. मुख्य गाव लर्विक. सगळ्यात उत्तरेचं वस्तीचं बेट अन्स्ट, आणि सगळ्यात नाजूक शालींसाठी नाव झालं ते या अन्स्टचंच. तिथे उन्हाळ्यात रात्रीही पुरता अंधार पडत नाही आणि ऐन हिवाळ्यात दिवस सहा तासांचाही नसतो. झाडं जवळजवळ नाहीत. वारा मात्र बारा महिने.

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या कुटुंबांकडे जमिनीचा लहानसा तुकडा असायचा, तोही जमीनदाराचा, खंडाने घेतलेला. तेवढ्यावर पोट भरत नसे. पुरुष मासेमारीला जात. सहा वल्ह्यांची उघडी बोट घेऊन किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैल आत. काही जण देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर महिनोन्‌महिने जात, काही आरमारात. गेलेले सगळेच परत येत नसत. १८८१ च्या जुलैमध्ये एका वादळात १० बोटी आणि ५८ माणसं एका रात्रीत गेली. कोकणातल्या कोळीवाड्यांतल्या आपल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. शेटलंडमध्ये त्या काळी पुरुषांपेक्षा बायकांची संख्या बरीच जास्त होती, ती यामुळेच.

मग घर, गोठा, शेत सगळं बाईच्या अंगावर. बटाटे लावायचे, जव-ओट पेरायचे, गाय पिळायची, आणि जळणही तिनेच आणायचं. लाकूड नाही, मग जळण कसलं? तर दलदलीत वर्षानुवर्षं कुजून घट्ट बसलेली काळी माती असते, तिला पीट म्हणतात. ती विटांसारखी कापायची, उन्हावाऱ्यात वाळवायची आणि आपण गोवऱ्या जाळतो तशी चुलीत जाळायची. ही पीट घरापासून लांब माळावर असे. गवताची विणलेली मोठी पाटी, तिला तिथे किशी म्हणतात, पाठीवर बांधायची, पीटने भरायची आणि डोंगर उतरून यायचं. ओझं पाठीवर, म्हणजे हात मोकळे. मग त्या मोकळ्या हातांत सुया.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो आहेत. पाठीवर भरलेली किशी, पायवाट, आणि बाया चालता चालता विणतायत. आम्ही पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “हिला बसायला कोणी सांगितलंच नसेल.”

चालताना विणायचं कसं, तर कमरेला चामड्याचा पट्टा. त्यावर घोड्याचे केस भरलेली छोटी गादी आणि त्या गादीला बारीक भोकं. उजवीकडच्या सुईचं एक टोक त्या भोकात रुतवायचं. सुईचा भार पट्टा घेतो, हाताने नुसता टाका घ्यायचा. त्यामुळे हात भराभर चालतो आणि वाटेत ठेच लागली तरी टाके गळत नाहीत. विणकामाला त्यांच्या बोलीत शब्द आहे ‘माकिन’. त्याचा साधा अर्थ ‘करणं, घडवणं’. बाई ‘करतेय’ म्हटलं की काय करतेय हे विचारायची गरजच नसे.

चालताना व्हायचे ते मोजे आणि जाडेभरडे कपडे. नाजूक जाळीला मात्र बसावं लागे, हात स्वच्छ लागत आणि उजेड लागे. पीटच्या धुराने भरलेल्या घरात पांढरी लोकर पांढरी ठेवायची, हेच एक मोठं काम होतं.

आता त्या लोकरीबद्दल सांगतो. शेटलंडच्या मेंढ्या लहानखुऱ्या असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची जुनी लोकर आपोआप सुटायला लागते. तेव्हा ती कात्रीने न कापता हाताने हलकेच उपटून घेत. मेंढीच्या मानेजवळची लोकर सगळ्यात मऊ. शालीसाठी तीच निवडायची. आपल्याकडे धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतील की घोंगडीला कुठली लोकर आणि जेनाला कुठली. निवडण्याचं हे ज्ञान तिथेही बायकांच्याच बोटांत होतं.

लोकर पिंजायला शेजारणी एकत्र जमत. एका संध्याकाळी हिच्या घरी, दुसऱ्या संध्याकाळी तिच्या. आपण उन्हाळ्यात पापड लाटायला एकमेकींकडे जातो, तसंच. गप्पा, खाणं, थोडी गाणी, आणि मध्ये लोकरीचा ढीग. मग चरख्यावर सूत. अन्स्टच्या बाया इतकं बारीक सूत काढत की आपल्या शिवणाच्या दोऱ्यासारखं. दोन धागे एकत्र पिळून मग विणायला घ्यायचं.

क्रोशाने आपण साखळी आणि खांब घालतो. ही जाळी सुयांवरची. ज्यांना सुलट-उलट येतं त्यांना लगेच कळेल. सुईवर दोऱ्याचा एक जादा वेढा घेतला की तिथे भोक पडतं आणि एक टाका वाढतो. मग जवळच दोन टाके एकत्र विणले की वाढलेला टाका कमी होतो. एक वाढवायचा, एक घटवायचा. सगळी जाळी एवढ्यावर उभी असते. वाढ कुठे आणि घट कुठे, यावरून नक्षी ठरते.

त्या नक्षींची नावं ऐका. मांजराचा पंजा. पाखराचा डोळा. घोड्याचा नाल. लाटेची खूण. नेच्याचं पान. सगळी त्यांच्या अंगणातली आणि किनाऱ्यावरची. पूर्वी कागदावर काही लिहिलेलं नसे. आईच्या हाताकडे बघून मुलगी शिकायची, आणि चार-पाच वर्षांची असल्यापासून शिकायची. आपल्या रांगोळीत गोपद्म आणि कासव जसं आईकडून लेकीकडे आलं, तसंच हे.

पूर्ण शाल करायची पद्धत अशी, की आधी बाहेरची कातरी कड विणायची. मग त्या कडेवरून टाके उचलून आतली रुंद किनार. आणि सगळ्यात शेवटी मधला चौक. म्हणजे बाहेरून आत. मग चारी किनारी कोपऱ्यांत शिवून टाकायच्या, पण अशा की शिवण दिसता कामा नये. विणून झालेली शाल अगदी चोळामोळा दिसते. ती धुवायची, पिंपात गंधकाचा धूर देऊन पांढरी शुभ्र करायची आणि लाकडी चौकटीवर सगळ्या टोकांनी ताणून वाळवायची. मग जाळी उघडते. हे ताणण्याचं काम करणाऱ्या वेगळ्या तरबेज बायका होत्या.

तयार झालेली शाल दोन मीटरच्या आसपास लांब-रुंद, आणि वजन सत्तर-ऐंशी ग्रॅम. म्हणजे दीड लिंबाएवढं. हातातल्या अंगठीतून अख्खी शाल आरपार ओढता यायची, म्हणून तिला ‘अंगठीची शाल’ म्हणत. एका शालीला कित्येक महिने लागत. सलग महिने कोणाला मिळणार? गाय पिळून झाल्यावर थोडं, बटाटे उकडेपर्यंत थोडं, पोर झोपल्यावर थोडं.

या शाली बाहेरच्या जगात पोचल्या त्याचीही एक गोष्ट आहे. लर्विकचा एक मुलगा, आर्थर अँडरसन, पुढे मोठ्या जहाज कंपनीचा भागीदार झाला. ती कंपनी म्हणजे पी अँड ओ. तिच्या बोटी पुढे मुंबई बंदरातही येत असत, जुन्या मुंबईकरांना ते नाव माहीत आहे. या अँडरसनने १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षी, तिला शेटलंडचे नाजूक विणलेले पायमोजे भेट दिले. राणीने घातले म्हटल्यावर लंडनच्या श्रीमंत बायकांनाही ते हवेसे झाले. १८५१ मध्ये लंडनला जगभरातल्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथेही शेटलंडची जाळी मांडली होती. मागणी वाढली. शाल प्रतिष्ठेची झाली.

आणि विणणारीला काय मिळालं? इथून पुढची गोष्ट आम्ही गटात मोठ्याने वाचली तेव्हा सगळ्या जणी गप्प झाल्या.

शेटलंडच्या बाईला शालीचे पैसे मिळत नसत. ती शाल घेऊन लर्विकच्या दुकानदाराकडे जायची. दुकानदार किंमत सांगायचा आणि त्या किमतीचा माल द्यायचा. माल म्हणजे चहा, सुती कापड, रिबिनी. तोही त्याच्याच दुकानातला, त्याने लावलेल्या भावाचा. उरलेल्या किमतीची चिठ्ठी. ती चिठ्ठी त्याच दुकानात चालायची. पीठ आणि रोख पैसा मात्र क्वचितच. या पद्धतीला तिथे ‘ट्रक’ म्हणत. रस्त्यावरच्या आपल्या ट्रकशी त्याचा संबंध नाही, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वस्तूंची अदलाबदल असा होतो.

आता विचार करा. घरात पोरं भुकेली आहेत आणि बाईच्या हातात महिनाभराच्या कामाचा चहा नि कापड आहे. मग ती तो चहा घेऊन शेतकऱ्याच्या दारात जायची आणि त्याच्या बदल्यात बटाटे नाहीतर पीठ मागायची. चहाची किंमत मग पडेल ती. खंड भरायला रोख पैसे लागत, ते कुठून आणायचे? अंगावर धडकं लुगडं आणि डब्यात दाणा नाही, असं आपल्याकडे म्हणतील, तशी गत.

याची तक्रार वाढली तेव्हा ब्रिटिश सरकारने विल्यम गथ्री नावाच्या अधिकाऱ्याला चौकशीला पाठवलं. १८७२ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, लर्विकला आणि बेटांवर चौकशी बसली. कोळी आले, दुकानदार आले, आणि विणणाऱ्या बायकाही आल्या. त्यांना प्रश्न विचारले गेले आणि प्रश्न आणि उत्तरं दोन्ही शब्दन्‌शब्द लिहून घेतली. त्या हजारो प्रश्नोत्तरांचा अहवाल छापला गेला आणि तो आजही वाचायला मिळतो. ज्या बायकांचं नाव एरवी कुठल्या कागदावर आलं नसतं, त्यांचं म्हणणं आज दीडशे वर्षांनी आपण वाचू शकतो.

त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बाईला विचारतात, तू रोख पैसे मागितलेस का? ती सांगते, नाही मागितले. का नाही मागितले? तर मिळणार नाहीत हे ठाऊक होतं म्हणून. दुकानदार म्हणायचे, कोणी मागतच नाही. बायका म्हणायच्या, मागून उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी गप्प राहून ती पद्धत वर्षानुवर्षं चालली होती.

तुम्ही विचाराल, कायदा नव्हता का? होता. मजुरी वस्तूंत न देता पैशांतच द्यावी असा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ मध्येच झाला होता. पण तो कामगारांसाठी होता. घरात बसून विणणारी बाई कायद्याच्या नजरेत कामगार नव्हती. ती कोणाची नोकर नाही, आपल्या घरी आपल्या वेळेत विणते आणि दुकानात विकते, मग तिची कसली मजुरी? म्हणजे तिला कायद्याने जागाच दिली नाही. १८८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि घरी विणलेला माल विकणाऱ्यांनाही त्यात घेतलं. जुनी सवय मात्र लगेच गेली नाही. दुकानात शाल द्यायची आणि माल घ्यायचा, हे पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं.

आपल्याला वाटेल, हे लांबच्या देशातलं, जुन्या काळातलं. म्हणून आता आपल्या देशात येऊ. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी, पैठणवरून, नांदेडवरून जाणारी आपली गोदामाई पुढे आंध्रात समुद्राला मिळते. तिथे पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात त्या भागात मिशनरी बायकांनी क्रोशाचं जाळीकाम शिकवलं. पुढे ते घरोघर पसरलं. बाहेर कामाला जायची रीत नसलेल्या घरांतल्या बायकाही हे काम करू लागल्या, कारण ते उंबऱ्याच्या आत होत होतं. माल व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जाऊ लागला.

मारिया मीस नावाच्या एक जर्मन विदुषी होत्या. १९६० च्या दशकात त्या पुण्यात जर्मन भाषा शिकवायच्या. पुढे त्या नरसापूरला गेल्या, तिथल्या बायकांमध्ये राहून त्यांनी त्यांच्या कामाचे तास मोजले आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? घरचं सगळं काम करून बाई वर सहा-सहा, आठ-आठ तास जाळी विणत होती. कोणी नुसती फुलं करायची, कोणी ती जोडायची, त्यामुळे पूर्ण वस्तू कुठे जाते, कितीला जाते हे कोणालाच माहीत नसायचं. मिळकत शेतमजूर बाईच्या किमान मजुरीपेक्षाही कितीतरी कमी. आणि विचारलं तर सगळे सांगायचे, त्या काही काम करत नाहीत, त्या घरीच असतात, फावल्या वेळात विणतात. व्यापारी तसं म्हणत, नवरे तसं म्हणत, आणि बायकाही तसंच म्हणत.

हा आमचाच शब्द होता. शेटलंडला कायद्याने जे म्हटलं, तेच नरसापूरला घरातल्या माणसांनी म्हटलं, आणि तेच आमच्या गटात आम्ही एकमेकींना म्हणत होतो.

आता आमचं भांडण सांगतो. मागच्या वर्षी शहरातला एक व्यापारी आला. क्रोशाच्या जाळीच्या साठ शाली पाहिजेत म्हणाला, लोकर त्याची, शालीमागे १८० रुपये. आम्हाला आनंदच झाला. आम्ही दहा जणींनी काम वाटून घेतलं. कोणी रात्री दिव्याखाली विणायची, कोणी शेळ्या चारताना, कोणी एसटीच्या थांब्यावर. घरच्यांनाही बरं वाटलं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, टीव्ही बघत बसण्यापेक्षा बरं. ती कधी टीव्ही बघत बसत होती, हे त्यांनाही आठवेना.

आमच्यातल्या एका ताईंना कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या खुणा करायची सवय आहे. त्यांनी सहज म्हणून शालीच्याही खुणा केल्या. अर्धा तास विणलं की एक रेघ. एक शाल पूर्ण झाली तेव्हा रेघा झाल्या ५२. म्हणजे २६ तास. १८० रुपयांना २६ तास. तासाला सात रुपयेही नाहीत.

माल द्यायच्या दिवशी व्यापाऱ्याने चार शाली डाग म्हणून बाजूला काढल्या. उरलेल्यांचे निम्मे पैसे रोख दिले आणि निम्म्याची लोकर दिली, पुढच्या कामासाठी म्हणून. तेव्हा आम्हाला शेटलंड माहीत नव्हतं. आम्ही लोकर घेऊन घरी आलो.

त्या रात्री गटाच्या बैठकीत ताईंनी कॅलेंडर दाखवलं आणि म्हणाल्या, या भावाने मी पुढची शाल घेणार नाही. दुसरी एक वहिनी चिडली. म्हणाली, “तुला नसेल परवडत. माझ्या हातात दुसरं काय येतं? हे पैसे मी कोणाला न विचारता खर्च करते. तेवढेच माझे.” आणि तिसरी म्हणाली, एवढा काय हिशोब, फावल्या वेळचंच तर काम आहे. त्या वहिनीचं म्हणणं आम्हाला आजही खोडता आलेलं नाही. शेटलंडची बाईही दुकानात परत परत जात होती, ती काही भोळी होती म्हणून नाही. जायला दुसरं दारच नव्हतं.

शेवटी आम्ही व्यापाऱ्याला वाढीव भाव आणि पूर्ण रोख पैसे मागितले. तो हो-नाही न बोलता गेला आणि परत आला नाही. दोन जणी गटावर नाराज झाल्या आणि शाली विणायचं सोडून दिलं. उरलेल्या आठ जणींनी स्वतः लोकर आणली. गावात बाईला दिवसाची जी मजुरी मिळते तिच्यावरून तासाचा भाव काढला आणि शालीची किंमत ठरवली. किंमत बरीच वर गेली. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी एकही शाल गेली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही शालीशेजारी एक पुठ्ठा लावला, ‘या शालीला २६ तास लागले’. लोक थांबून वाचायला लागले. वर्षभरात ११ शाली विकल्या गेल्या. साठच्या मानाने हे कमीच आहे. पण त्या अकरा शालींचे पैसे रोख आले आणि डाग म्हणून कोणी बाजूला काढलं नाही.

आमच्यात एक आजी आहेत. त्यांनी या सगळ्यात भाग घेतला नाही. त्या म्हणाल्या, मी नातीसाठी विणतेय, मला तुमच्या रेघा नकोत. बरोबरच आहे. हौसेने विणलेल्या गोष्टीचे तास कोण मोजतं? शेटलंडच्या बायकाही घरच्यांसाठी विणत. अंगावर रोज घ्यायची जाड, उबदार शाल, तिला ‘हॅप’ म्हणत. लाटांसारख्या पट्ट्यांची ती शाल त्या स्वतः वापरत आणि पोरांना गुंडाळत. अंगठीतून जाणारी शाल मात्र दुकानासाठीच असे. तेव्हा विणायला बसताना आपल्यालाच ठाऊक असलं पाहिजे, ही हॅप आहे की दुकानाची शाल. हॅपला हिशोब नको. दुकानाच्या शालीला हवा.

शेटलंडमध्ये आज काय आहे, तेही सांगतो. यंत्रावर विणलेल्या नकली शालींनी बाजार खाल्ला. १९७० नंतर तिथे समुद्रात तेल सापडल्यावर पगाराच्या नोकऱ्या आल्या आणि बायकांनी दुकानासाठी विणणं बरंच सोडलं. त्यांना दुसरं दार मिळालं. आता तिथे विणतात ते मुख्यतः हौसेने. अन्स्ट बेटावरच्या संग्रहालयात जुन्या शाली जपून ठेवल्या आहेत, आणि म्हाताऱ्या बाया शाळेतल्या पोरांना सुया धरायला शिकवतात. जगभरातल्या बायका तोच मांजराचा पंजा, तीच लाटेची खूण आपापल्या घरी, कामाच्या मधल्या वेळात विणतात. नरसापूरच्या क्रोशाच्या जाळीला २०२४ मध्ये त्या जागेच्या नावाची सरकारी ओळख मिळाली, जशी आपल्या पैठणीला आहे. आता त्या नावाचा पैसा विणणारीपर्यंत किती पोचतो, तो प्रश्न नरसापूरच्या बहिणींनी विचारायचा आहे.

आमचं तुम्हाला एकच सांगणं आहे. क्रोशा असो, गोधडी असो, पापड असो की वाती असोत, विकायची वस्तू करायला घेतलीत की कॅलेंडरवर रेघा मारा. अर्ध्या तासाला एक. वस्तू पूर्ण झाली की मोजा, आणि तो आकडा गटाच्या बैठकीत मोठ्याने सांगा. भाव लगेच वाढेल असं नाही, आमचाही सगळ्यांचा वाढला नाही. पण १८७२ साली त्या बायकांनी उत्तरं दिली म्हणून ती लिहिली गेली, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी कायद्याला त्यांची जागा करावी लागली. आपला आकडा तर निदान आपल्या वहीत लिहिलेला असू दे.

आमच्या वहिनी सध्या शाली विणत नाहीत, पण परवा येऊन ताईंच्या कॅलेंडरकडे बघून गेल्या. चटण्यांच्या कामाच्या रेघा कशा मारायच्या, ते विचारत होत्या. तुमच्या रेघा किती झाल्या, ते आम्हालाही कळवा.